दुकानाला सातबारा नसतो

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येणाऱ्या जाहीर नोटिसा मी गेली कित्येक वर्षे अग्रलेखाच्या आधी वाचतो. ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेल्या त्या नोटिसांत बहुतेक वेळा एक भाऊ दुसऱ्या भावाशी कोणी व्यवहार करू नये म्हणून बजावत असतो, नाहीतर एखादी बहीण आपल्या संमतीवाचून अमुक गाळ्याचे खरेदीखत होऊ नये अशी हरकत घेत असते. त्यांतली काही नावे ओळखीची निघतात. ज्यांच्या दुकानात लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण लाह्या-बत्तासे घेतले, त्यांच्या घरातली भांडणे वकिली भाषेत वाचावी लागतात. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या दुकानाची गादी सांभाळणारी माझी तिसरी पिढी. घरचा धंदा पुढच्या पिढीकडे कसा सोपवावा, यावर चार शब्द लिहिण्याचा माझा अधिकार इतकाच की, हे काम एकदा माझ्या वडिलांच्या हातून राहून गेले आणि पुढे माझ्याही हातून राहून जाण्याच्या बेतात होते.

‘हल्लीच्या मुलांना दुकानात बसायला नको’ हे वाक्य आमच्या बाजारात रोज कुठे ना कुठे ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी आणि नंतर पुण्याच्या संगणक कंपन्यांनी आमच्या पेठेतली बरीच मुले नेली, आणि नेली ते चांगलेच केले. परंतु जी मुले राहिली किंवा परत आली, त्यांतल्या कित्येकांना चाळिशी उलटून गेली तरी धनादेशावर सही करण्याचा अधिकार मिळालेला नाही, हे मात्र कोणी बोलत नाही. धंदा पुढे जात नाही याचे खापर आपण घेणाऱ्यावर फोडतो. माझ्या पाहण्यात मात्र दहांतल्या सात घरी देणाऱ्याचाच हात आखडलेला होता.

आधी माझ्या वडिलांविषयी लिहितो. वडील आणि धाकटे काका अशी दोघांची भागीदारी होती. भागीदारीपत्र मुद्रांकावर केलेले, नीट बासनात बांधून ठेवलेले होते. मात्र दोघांपैकी एक गेला तर पुढे काय, याचा त्यात एक शब्दही नव्हता. असे काही लिहिणे त्या काळी अभद्र मानले जाई. 1991 च्या पावसाळ्यात वडील अचानक गेले. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याचे कलम 42 असे सांगते की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. आणि भागीदार दोनच असतील, तर मागे उरलेल्या एकट्याची फर्म होऊच शकत नाही. म्हणजे आम्ही तेराव्याच्या तयारीत होतो तेव्हा आमची फर्म कायद्याच्या दृष्टीने संपलेली होती. बँकेने खाते थांबवले. मी तोवर बारा वर्षे दुकानात राबलो होतो, पण त्या बारा वर्षांची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. काकांनी त्याच जागेत स्वतःच्या नावाने नवा धंदा सुरू केला. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही संसार होता. हिशेब चुकता न करता मागे राहिलेल्या भागीदाराने धंदा चालू ठेवला, तर गेलेल्याच्या वारसांना त्या नफ्यातला वाटा किंवा आपल्या रकमेवर दरसाल 6 टक्के व्याज मागता येते, हे याच कायद्यात कलम 37 मध्ये लिहिलेले आहे. ते मला कळले तेव्हा काकाही हयात नव्हते.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडे हंडे, कळश्या, पातेली वजनावर विकली जातात, पण समया, घंटा, मूर्ती असा नगावर जाणारा माल असतो, त्याला खरेदीची किंमत खुणेने लिहिण्याची पद्धत होती. दहा अक्षरांचा एक शब्द किंवा वाक्य घ्यायचे, ज्यात एकही अक्षर दुबार येत नाही. पहिले अक्षर म्हणजे एक, दुसरे म्हणजे दोन आणि शेवटचे म्हणजे शून्य. समईच्या बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तीन अक्षरे दिसली की दुकानदाराला कळे की वस्तू कितीला पडली आहे आणि घासाघीस कुठपर्यंत ताणू द्यायची. गिऱ्हाइकाला त्यातले काही उमगत नसे. हा शब्द वडिलांनी कोणालाच सांगितलेला नव्हता. मला नाही आणि काकांनाही नाही. ते गेल्यावर आमच्या पुढ्यात भरलेले दुकान होते आणि त्यातली एकही समई काय भावाने आणली आहे हे सांगता येत नव्हते. शेवटी तारेला ओवलेली मुरादाबादची जुनी बिले मी एकेक करून काढली, चिठ्ठ्यांशी ताडून पाहिली, आणि ‘मोठी समई, पाच वाती’ असल्या नोंदींवरून एकेक अक्षर सोडवत अकराव्या दिवशी शब्द पुरा केला. तो आमच्या कुलदैवताच्या नावावरून जुळवलेला होता. त्या रात्री मला आनंद झाला नाही, वडिलांचा राग आला. बारा वर्षे मी त्यांच्या शेजारी बसत होतो आणि तरीही त्यांना तो शब्द सांगावासा वाटला नव्हता.

पुढे दोन वर्षांनी वाटणी झाली. दुकानाच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. मोठा काटा ज्या कडीला टांगलेला असे ती तुळईतली कडी काकांच्या बाजूला गेली आणि काटा माझ्या वाट्याला आला. भिंतीच्या दोन्ही अंगांना निम्मे निम्मे झालेले ते दुकान आजही तसेच आहे.

हे सगळे आमच्यावरच ओढवले असे नाही. शेताचा मालक वारला तर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची, फेरफार पडतो, आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात. भांडणे तिथेही होतात, पण भांडायला निदान एक कागद असतो. दुकानाला सातबारा नसतो. त्याचे अंग दहा ठिकाणी विखुरलेले असते. जागा एका नावावर, भाडेपावती दुसऱ्या नावावर, विजेचे मीटर आजोबांच्या नावाने, शॉप अ‍ॅक्टचे लायसन वडिलांच्या, जीएसटीचा क्रमांक वडिलांच्या पॅनला जोडलेला, बँकेची कॅश क्रेडिट त्यांच्या सहीवर, उधारीच्या नोंदी निम्म्या वहीत आणि निम्म्या डोक्यात. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात तर मालक आणि धंदा असे दोन वेगळे जीव कायदा मानतच नाही. मालक गेला की त्याचा जीएसटी क्रमांक वारसाच्या नावावर नुसता बदलून मिळत नाही. वारसाला नवी नोंदणी घ्यावी लागते, जुन्या क्रमांकावर शिल्लक असलेली कराची वजावट आयटीसी-02 या नमुन्याने नव्यावर वळवावी लागते, आणि मग जुनी नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. दुःखात बुडालेल्या घराने हे सगळे नेमके त्याच महिन्यात करायचे असते.

आणि एवढे सोसून, शिकून मी काय केले? मुलगा मेकॅनिकलची पदविका घेऊन सातपूरच्या एका कारखान्यात सहा वर्षे नोकरी करून 2014 साली आपणहून दुकानात आला. मी आनंदाने शटरची किल्ली त्याच्या हाती दिली, बाजारात पेढे वाटले, आणि सही मात्र स्वतःकडे ठेवली. 2017 च्या जुलैत जीएसटी सुरू झाला. बिले तो करी, विवरणपत्र तो भरी, पण पडताळणीचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येई. पुढच्या वर्षी त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर मी पायी निघालो. फोन पिशवीच्या तळाशी, तोही बंद. महिन्याची 20 तारीख उलटून गेली, मुलगा फोन लावून थकला, आणि विवरणपत्र तीन दिवस उशिरा गेले. दिवसाला 50 रुपये या हिशेबाने विलंब शुल्क किरकोळच होते. परतल्यावर मी त्यालाच विचारले की, तारीख चुकलीच कशी? त्याने आवाज न चढवता उत्तर दिले, “अण्णा, किल्ली माझ्याकडे आहे, पण दुकान तुमच्या मोबाइलमध्ये आहे.”

हे वाक्य मला लागले, तरीही पुढची तीन वर्षे मी काही केले नाही. का केले नाही, याचा प्रामाणिक शोध घेतला तर ‘हातपाय चालताहेत तोवर’ हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर पुरेसे ठरत नाही. सही दिली की सकाळी दुकानात गेल्यावर आपल्याला कोणी काही विचारणार नाही, ही खरी भीती होती. व्यापारी माणूस घरात फारसा बोलत नाही, त्याला छंद नसतात, त्याची सगळी प्रतिष्ठा गल्ल्यापाशी असते; दलाल येऊन ‘शेठ, आजचा भाव’ म्हणून ज्याच्याकडे पाहतो तो मालक. ती नजर मुलाकडे वळताना पाहणे सोपे नाही. माझ्या वयाच्या दुकानदारांना हे वाचून राग येईल, पण त्यांनी रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदा स्वतःला विचारून पाहावे.

माझे डोळे उघडले ते 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या ओळीतले दोन दुकानदार गेले. त्यांतल्या एकाचा गाळा जुन्या भाड्याचा होता, आणि एकुलता मुलगा नोकरीनिमित्त परगावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्या कुटुंबातले जे माणूस त्या जागेत धंद्यासाठी वावरत असेल ते भाडेकरू ठरते. तसे कोणी नसेल तर वारसांपैकी कोण, हे आपसांत ठरवावे लागते आणि ठरले नाही तर न्यायालय ठरवते. वडिलांच्या माघारी गाळ्यावर रोज येऊन बसणारा होता तो पुतण्या. मुलगा म्हणे मी वारस, पुतण्या म्हणे मी दुकानात. दोघेही वाईट नव्हते. हयात असलेल्या माणसाने एका कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर ते आज एकमेकांच्या घरच्या कार्याला गेले असते. सध्या त्या शटरला कुलूप आहे.

मग मी वकील गाठला आणि त्याच्याही आधी मुलीला बोलावले. यावर नातेवाइकांत बरीच चर्चा झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझी मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्नाआधी चार वर्षे आणि लग्नानंतरही इंदिरानगरहून दुपारी येऊन दुकानाच्या वह्या तीच लिहीत असे. कोणाकडे किती उधारी थकली आहे हे माझ्यापेक्षा तिला नेमके ठाऊक असते. तरीही ‘मुलीकडून हक्कसोड करून घ्या आणि मोकळे व्हा’ असा सल्ला मला किमान पाच जणांनी दिला. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि ही दुरुस्ती लागू झाली त्या 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असोत वा नसोत, तो हक्क मुलीला आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तर, मृत्युपत्र नसेल तर, 1956 पासूनच मुलगी, मुलगा, विधवा आणि आई यांचा वाटा सारखा आहे. कायदा हा असा, आणि आपला रिवाज असा की राखीपौर्णिमेच्या आसपास बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात न्यायचे, साडी द्यायची आणि सही घ्यायची. ती सही करते, पण विसरत नाही. जाहीर नोटिसांतल्या बहिणी कुठून येतात, याचे उत्तर मला या रिवाजात दिसते. ‘दुकान जावयाच्या घरी जाईल’ ही शंका ज्यांनी काढली त्यांना मी इतकेच विचारले की, मग आतापर्यंत वह्या कोणाच्या घरातून येऊन लिहिल्या जात होत्या?

2022 मध्ये आम्ही तिघांची भागीदारी केली: मुलगा, मुलगी आणि लहान वाटा ठेवून मी. एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म मोडणार नाही, उरलेले धंदा चालू ठेवतील आणि गेलेल्याच्या वारसांचा हिशेब त्या तारखेच्या ताळेबंदावर ठराविक मुदतीत चुकता करतील, हे कलम त्यात पहिल्यांदा लिहून घेतले. फर्मची नोंदणीही केली, कारण नोंदणी नसलेल्या फर्मला थकलेल्या उधारीसाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. नवा पॅन, नवा जीएसटी क्रमांक, वजावटीची रक्कम वळवणे, बँकेत प्रत्येकाच्या सहीचा नमुना हे सगळे सोपस्कार तेच होते, जे माझ्या पश्चात मुलांना करावे लागले असते. फरक एवढाच की, अडले तिथे मला विचारता येत होते. दोन महिन्यांत काम उरकले. बँकेच्या नामनिर्देशनावर विसंबू नका, असेही मला वकिलांनी बजावले, कारण नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, तेवढ्याने ती मालक होत नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले. मोठ्यांच्या घरीही हे सुटलेले नसते. धीरूभाई अंबानी 2002 साली मृत्युपत्र न करता गेले आणि दोघा मुलांतली वाटणी 2005 मध्ये आईला मध्ये पडून करावी लागली.

कागदावर न मावणारा भाग त्याहून मोठा आहे, आणि तो सोपवायला मला अजून वेळ लागतो आहे. कोणत्या कारागिराला दिवाळीआधी उचल द्यायची आणि कोणाला दिली तर तो महिनाभर दिसणार नाही. मोडीत आलेला जुना बंब वाजवून पाहिल्यावर त्याच्या बुडाला डाग दिलेला (झाळलेला) आहे की नाही हे कसे ओळखायचे. कोणत्या गिऱ्हाइकाच्या आजीने आमच्याकडून रुखवताची भांडी नेली होती, म्हणून त्याच्याकडून घडणावळ कमी घ्यायची. गोदावरीला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी माणूस पाठवायचा, पाणी मूर्तीच्या कमरेला लागले की जमिनीवरचा माल पोटमाळ्यावर चढवायला घ्यायचा आणि छातीची वाट पाहायची नाही, हा आमच्या घरचा नियम. सप्टेंबर 2008 आणि ऑगस्ट 2016 या दोन्ही पुरांत त्याने आम्हाला वाचवले. तो नियम आजोबांनी वडिलांना आणि वडिलांनी मला सांगितला होता, म्हणून तो आमच्यापाशी होता. खुणेचा शब्द सांगितला नाही, म्हणून तो नव्हता. आता मुलाने दुकानात बारकोड आणला आहे आणि खुणेची गरज उरलेली नाही. तरी मी तो शब्द एका कागदावर लिहून भागीदारीपत्राच्या फाइलीत ठेवला आहे.

शेवटी शासनासाठी एक मागणी, आणि हे पत्र लिहिण्याचे तातडीचे कारणही तेच. राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीसपत्राने द्यायची असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. तोच बाप त्याच मुलांना दहा बाय बाराचा दुकानाचा गाळा किंवा छोटी कार्यशाळा द्यायला गेला, तर बाजारमूल्याच्या 3 टक्के शुल्क लागते, आणि जुन्या पेठेतल्या जागेचे रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले, दर पाहता ही रक्कम लहान दुकानदाराच्या आवाक्याबाहेर जाते. आम्हीही म्हणूनच गाळा माझ्याच नावावर ठेवून मृत्युपत्र केले. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. पण याचा परिणाम असा होतो की, जिवंतपणी देण्याची इच्छा असलेल्यालाही कायदाच मरेपर्यंत थांबायला लावतो. ज्या जागेत कुटुंब स्वतः धंदा करते अशा एका गाळ्यापुरती, क्षेत्रफळाची मर्यादा घालून का होईना, ही 200 रुपयांची सवलत लागू करावी. शहरातल्या तिन्ही आमदारांनी हा विषय येत्या अधिवेशनात मांडावा, आणि व्यापारी संघटनांनी त्यासाठी निवेदन तयार करावे. पहिली सही करायला मी आणि माझी दोन्ही मुले येऊ.

कळावे,

आपला विश्वासू,
भांडी बाजारातील एक दुकानदार
नाशिक